सपाटीवरचा चकवा

बाभळीच्या जेमतेम सावलीत मी डावा पाय लांब सोडून बसले होते. पोटरीत असा गोळा आला होता की बोट लावू देईना. समोर मही नदीचं पात्र, मागे काठाच्या घळी, म्हणजे कोतरं, घड्याळात साडेअकरा आणि बाटलीत दोन घोट. स्कूटर चार किलोमीटर मागे. डोक्यात मात्र आदल्या दिवाळीत पुण्याच्या मामेभावाने मारलेला टोमणा घोळत होता: “ताई, बडोद्यात कसले ट्रेक करतेस? तुमच्याकडे उड्डाणपूल हाच गड!”

मनात म्हटलं, ये बाबा इथे. गड चढणाऱ्या तुझ्या पायांनी हे चार किलोमीटर चालून दाखव.

डोंगर मला बंद आहे. उजवा गुडघा चढताना कुरकुरतो आणि उतरताना शिव्या देतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पायऱ्या नकोत, सपाटीवर हवं तितकं चाला. आमच्या गच्चीवरून हवा स्वच्छ असली की पावागड दिसतो. तिथे मी जाऊ शकत नाही, पण तिथून निघणारी विश्वामित्री माझ्या गावातूनच वाहते. तेव्हा गडाऐवजी नद्या धरायच्या असं ठरवलं. कमाटीबागेत रोज सकाळी दोन फेऱ्या होत होत्या, त्या जोरावर वाटलं होतं की काठाकाठाने आठ-दहा किलोमीटर म्हणजे काय मोठंसं.

मोठंसं काय ते त्या दिवशी कळलं. सिंधरोटच्या बाजूने महीच्या काठाला लागले तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. रविवार, त्यामुळे नाश्ता करून, चहा घेऊन, आरामात. अंगात जीन्स, पायात घोट्याखालचे मोजे, पिशवीत लिटरची एक बाटली. सपाटीवर चालायचं तर पाणी किती लागणार, हा हिशोब. ऑक्टोबर हीट हा शब्द मी जन्मभर वापरत आले आहे, पण तो पंख्याखाली बसून. पस्तीस-छत्तीस डिग्रीत मोकळ्या वाळूवर चालणं म्हणजे तव्यावरच्या भाकरीसारखं होतं, वरून ऊन आणि खालून वाळूचा परतून येणारा ताव.

त्यात कोतरं. ज्यांनी महीकाठ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पावसाच्या पाण्याने काठाची भुसभुशीत माती शतकानुशतकं कापत कापत खोल घळी केल्या आहेत, एकीतून दुसरी फुटलेली, दोन्ही बाजूंना मातीच्या भिंती आणि त्यांवर गांडा बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, माजलेला. एका कोतरातून पलीकडे निघते म्हणून शिरले आणि वीस मिनिटांनी एका बंद भिंतीशी पोचले. परत फिरले तर तीन घळी समोर, तिन्ही सारख्याच. सासूबाई सांगतात, चकवा लागला की जिथे आहोत तिथे बसून राहावं, उजाडलं की तो सोडतो. भर उन्हात उजाडण्याची वाट कशी बघणार! शेळ्यांच्या लेंड्या ज्या घळीत जास्त, तिथून चालत राहिले आणि बाहेर आले. त्याच्या थोड्याच वेळाने पोटरीत गोळा आला.

कलिंगडाच्या भाठ्याची, म्हणजे नदीपात्रातल्या मळ्याची, राखण करायला बांधलेल्या रिकाम्या झोपडीपाशी एक म्हातारे गृहस्थ शेळ्या घेऊन आले होते. त्यांनी मला ताकाची बाटली दिली, वर मिठाची पुडी. “बेन, आ टाइमे कोई नीकळे?” एवढंच म्हणाले. अर्ध्या तासाने उभी राहिले. चार किलोमीटरला दोन तास लागले.

घरी आल्यावर कोणाला काही बोलले नाही. पण काळ्या कुर्त्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते, ते शेजारच्या काकांनी जिन्यातच पाहिले. काका पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले, उभी हयात कालव्यांच्या पाळीवरून चालण्यात गेलेली. माझ्या दृष्टीने बडोद्यातला सपाटीवर चालणारा सर्वांत मोठा माणूस तोच, फक्त त्यांनी त्याला कधी ट्रेक म्हटलं नाही.

“पाणी किती नेलं होतंस?”

“लिटरभर.”

“आणि परत कधी फिरलीस?”

“निम्मं संपल्यावर.”

“तिथेच चुकलीस,” काका म्हणाले. “अगं, जाताना सात वाजताचं ऊन असतं आणि येताना दहाचं. येताना दुप्पट पाणी लागतं. तीन लिटर न्यायचं. एक संपलं की पाठ फिरवायची, मग समोर रंभा उभी असली तरी.”

हे मला तेव्हा फार कंजूस वाटलं. तीन लिटर म्हणजे पाठीवर तीन किलो, आणि त्यातलं दोन तृतीयांश परतीसाठीच! पण विचार करत गेले तसं पटलं. गडावर माथा असतो. तो आला की माणूस बसतो, डबा उघडतो, फोटो काढतो आणि निमूट खाली उतरतो. परत कधी फिरायचं हे डोंगरच ठरवून देतो. सपाटीवर असं कोणीच काही सांगत नाही. पुढचं वळण याच्यासारखंच, त्यापुढचं झाड त्याच्यासारखंच, आणि तेवढं एक वळण बघून येऊ म्हणता म्हणता माणूस दोन तास लांब गेलेला असतो. दमणंही कळत नाही. चढावर धाप लागते, थांबावं लागतं. इथे धाप लागतच नाही, पाय आपोआप पडत राहतात, आणि तोवर आतून पाणी सुकत असतं.

नोव्हेंबरपासून शिकायला लागले. कमाटीबागेतल्या फेऱ्या तशाच, पण पाठीवर भरलेल्या बाटल्या घेऊन. ओळखीची मंडळी विचारत, गावाला निघालात का? बागेबाहेर दर पंधरवड्याला एक चाल. पहाटे साडेपाचला घर सोडायचं, उजाडताना पहिलं पाऊल, दहाच्या आत स्कूटरशी परत. नऊनंतर नवीन जमीन बघायची नाही.

पायांनी मात्र छळलं. चढावर पाऊल दर वेळी वेगळं पडतं, कधी टाचेवर, कधी चवड्यावर. सपाटीवर तेच पाऊल, तोच कोन, हजारो वेळा. त्यामुळे घासतं तेही एकाच जागी. माझ्या करंगळीवर आणि टाचेच्या कडेला दोन फोड कायमचे मुक्कामाला आले होते. मुंबईच्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेतलेले घोट्यापर्यंतचे महागडे ट्रेकिंगचे बूट तिसऱ्याच खेपेला माळ्यावर गेले. आत पाय उकडायचे, घाम जिरायचा नाही, आणि ओली कातडी आधी सोलवटते. शिवाय आपली काळी माती! डभोईच्या बाजूला, कानम पट्ट्यात, दव पडलेल्या शेतातून दोनशे पावलं गेलं की प्रत्येक बुटाला किलोभर चिखल लगडतो, आणि बुटाच्या खोल खाचांत तो असा बसतो की काडीने उकरावा लागतो. मी साधे, हलके, जाळीचे, एक नंबर मोठे बूट घेतले, कारण उन्हात चालून पाय सुजतात. मोजे लांब, सलवार त्यांत खोचलेली. दिसतं गबाळं, पण कुसळं आणि गोचिड दोन्ही बाहेर राहतात. कुर्ता पूर्ण बाह्यांचा आणि फिक्या रंगाचा.

पाण्यात काही घालायचं तर बाजारची ओआरएसची पुडी चांगली. ती नसेल तर लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे सपाट भरून, शिगोशीग नव्हेत. साध्या पाण्याची एक बाटली वेगळी. आणि तहानेची वाट बघायची नाही. मी फोनवर वीस मिनिटांचा गजर लावते. वाजला की चार-पाच घोट.

एक गोष्ट पाणथळीकडे जायला लागल्यावरच समजली. मोकळ्या काठावर वारा असतो, घाम येतो आणि लगेच उडून जातो, म्हणून आपल्याला वाटतं घाम आलाच नाही. अंगावर फक्त मीठ राहतं. उलट पाणकणसाच्या बेटांमधून चाललं की हवा कोंदलेली, दमट, वारा अडलेला. घाम नुसता ओघळतो, सुकत नाही, आणि घाम सुकल्याशिवाय अंग गार होत नाही. दोन्हीकडे तापमान सारखं असलं तरी पाणकणसात मी अर्ध्या वेळात थकते. सावली म्हणून तिथे रमत बसू नये. त्यापेक्षा अर्जुन नाहीतर करंज गाठावा, खाली हवा खेळती असते.

विश्वामित्रीवर गेले ती डिसेंबरात. शहरातली विश्वामित्री चालण्यालायक नाही, हे बडोदेकर म्हणून लिहिताना वाईट वाटतं पण खरं आहे. नाकाला पदर लावून कसलं निसर्गदर्शन! शहराच्या वरच्या अंगाला मात्र ती नदीसारखी दिसते. दोन्ही काठांना जांभूळ, उंबर, मधूनच खिरणी, खाली पाणी संथ आणि हिरवट. आणि मगरी. बडोद्याबाहेरच्या लोकांना खोटं वाटतं, पण भर शहरातून वाहणाऱ्या या नदीत सुसरी-मगरींच्या गोष्टी नाहीत, खऱ्याखुऱ्या मगरी आहेत. 2024च्या ऑगस्टातल्या पुरात त्या लोकांच्या अंगणापर्यंत आल्या होत्या.

हिवाळ्यात त्या उन्हाला येतात. मगरीचं रक्त थंड, अंग तापवायला ऊन लागतं, म्हणून नऊ-दहाच्या सुमाराला काठावर ओंडक्यासारख्या पडून असतात. जबडा उघडा असला म्हणजे ती भुकेलेली आहे असं नाही, जास्तीची उष्णता बाहेर टाकते आहे. हे सगळं मला वाचून माहीत होतं. पण त्या सकाळी जे दिसलं ते मगर नव्हतीच. काठाच्या ओल्या चिखलात वरून खालपर्यंत एक गुळगुळीत पन्हळ, तीन वीत रुंद, जणू कोणी भरलेलं पोतं ओढत नेलं आहे. मधोमध शेपटीची नागमोडी रेघ, दोन्ही बाजूंना पंजे, नखांसकट. पन्हळीत अजून पाणी झिरपत होतं. म्हणजे मगर माझी चाहूल लागून आत्ताच उतरली होती. आणि मी तिथे वाकून बाटलीचं झाकण धुणार होते.

“बेन, पाणी पासे ना जता,” पलीकडच्या शेतातून एक बाई ओरडली. तिच्या आवाजात घाबरणं नव्हतं. रस्त्यात खड्डा आहे सांगावा तसं सांगितलं.

तेव्हापासून काठ आणि मी यांत दहा-बारा पावलांचं अंतर. वाट पाण्याला चिकटून जात असेल तर मी शेताच्या बांधावरून जाते. काठाच्या भिंतीत मोठं बीळ दिसलं तर त्याच्या माथ्यावरूनही नाही, कारण मगरी काठ पोखरून राहतात. तिन्हीसांजेला मुळीच नाही. मार्च-एप्रिलात त्या काठाच्या मातीत अंडी घालतात आणि मादी जवळपास राखणीला असते, त्यामुळे तेव्हा नदी त्यांची. तसंही मार्चनंतर इथे चालण्यात अर्थ नसतो. आमचा चालीचा मोसम देवदिवाळी ते शिमगा, बस्स.

याच काळात चांदोदला एक परिक्रमावासी बाई भेटल्या. नर्मदेच्या उत्तर तटाने निघालेल्या, साठी उलटलेल्या, पायात रबरी चपला. मी त्यांना माझे बूट, पुड्या, गजर सगळं कौतुकाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “उन्हं चढली की आम्ही बसतो गं. मैय्या काही पळून जात नाही.” माझी सगळी पद्धत त्यांनी एका वाक्यात बसवली, पण मला तिथवर यायला दोन महिने आणि दोन फोड लागले होते.

मामेभाऊ आला पुढच्या जानेवारीत, संक्रांतीच्या पतंगांसाठी. दुसऱ्या दिवशी त्याला वढवाण्याला घेऊन गेले. डभोईच्या पुढे हा जलाशय आहे, गायकवाडांच्या राज्यात 1910 साली सिंचनासाठी बांधलेला. ओरसंग नदीचं पाणी जोजव्याहून कालव्याने इथे येतं. 2021 साली त्याला रामसर यादीत जागा मिळाली, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींमध्ये त्याची गणती झाली. शेतीसाठी अडवलेल्या पाण्याला पक्ष्यांनी आपलं करून टाकलं.

भाऊसाहेब हाफ पँटमध्ये, पायात गडावरचे बूट, हातात अर्ध्या लिटरची बाटली. “ताई, पाळीवरून तर चालायचंय!”

मी काही बोलले नाही. माझ्या पिशवीत त्याचेही तीन लिटर होते.

पोचलो तेव्हा धुकं होतं. बारा-तेरा डिग्री, बोटं गारठलेली. एका बाजूला पाळीच्या उतारापलीकडे गहू आणि तूर, दुसऱ्या बाजूला नुसता पांढरा पडदा, आणि त्या पडद्यामागून आवाज. आधी एकच खरखर, मग हजार गळ्यांची. भाऊ थबकला. “काय आहे हे?” सूर्य जरा वर आला आणि धुकं पाण्यावरून उचललं गेलं तेव्हा समोर वारकऱ्यांचा काळा थवा, कपाळावर पांढरं गंध लावलेला. या पक्ष्याला वारकरी म्हणणाऱ्याच्या डोळ्यांना नमस्कार आहे. त्यांच्यामागे थापटे, तलवार बदकं, केशरी अंगाचे चक्रवाक. हिंदीत याला चकवा म्हणतात, हे मी भावाला सांगितलं आणि महीकाठचा माझा किस्साही त्याला पहिल्यांदाच ऐकवला. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण.

गव्हाच्या शेतांकडून पट्टकादंब आले. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या, म्हणून हे नाव. हिमालय ओलांडून येणारे हे हंस आमच्या डोक्यावरून इतक्या खालून गेले की पंखांचा सूं सूं आवाज ऐकू आला. भाऊ म्हणाला, “हे आठ हजार मीटरची पर्वतरांग ओलांडून सपाटीवर येतात?” मी म्हटलं, “मग? त्यांना विचार, जास्त कठीण काय.”

पण त्याला चालायची घाई होती. गडकऱ्यांचा वेग तो. मी एका मुग्धबलाकाशी अडकले. काठाच्या उथळ पाण्यात उभा राहून तो चोचीने गाळ चाचपत होता. करकोच्याच्या या जातभाईची चोच मिटली तरी मधे फट राहते, अडकित्त्यासारखी. त्याने एक गोगलगाय वर काढली, चिखलावर ठेवली, चोचीचं टोक शंखाच्या तोंडात घातलं, दोनदा मान हलवली, आणि शंख जसाच्या तसा मागे ठेवून मांस गिळलं. एकही तडा नाही. पाळीच्या दगडांत असे रिकामे शंख ढिगाने पडले होते, मी इतके दिवस समजत होते ते असेच मेलेले आहेत.

मान वर केली तर भाऊ अर्धा किलोमीटर पुढे, ठिपक्याएवढा. गाठलं तेव्हा साडेनऊ झाले होते आणि धुक्याचा मागमूस नव्हता. त्याची मान लाल झाली होती, मोज्यांत कुसळं घुसून ते साळिंदरासारखे दिसत होते आणि त्याची बाटली केव्हाच रिकामी झाली होती.

“अजून किती आहे गं?”

“कुठपर्यंत?”

“संपेपर्यंत. ही पाळ कुठे तरी संपत असेल ना?”

मी माझी बाटली उंच करून त्याला दाखवली. लिटरची पहिली बाटली, तळाशी दोन बोटं पाणी. ते त्याला दिलं आणि वळले. त्याने पुढे पाहिलं. पाळ पुढे एका बाभळीपाशी वळत होती आणि त्या वळणापलीकडून हंसांचा कलकलाट येत होता.

“ताई, फक्त तेवढं वळण.”

“नाही.”

“पाच मिनिटं.”

“परत येताना ती दहा होतात.”

तो दोन क्षण उभा राहिला, मग आला. येताना आम्ही बोललो कमी आणि प्यायलो जास्त. दर वीस मिनिटांनी गजर, दर गजराला चार घोट, आणि शेवटच्या टप्प्यात त्याने न सांगता माझी ओढणी मागून घेतली आणि डोक्याला गुंडाळली. गाडीशी पोचलो तेव्हा सहांतलं जेमतेम अर्धा लिटर उरलं होतं. एरवी मी पंधरा मिनिटं हवा खाऊन निघते, त्या दिवशी तो करंजाखाली पाऊण तास आडवा होता. मोज्यांतली कुसळं एक एक उपटत म्हणाला, “हरिश्चंद्रगडावर इतकी तहान लागली नव्हती.”

डभोईत हिरा भागोळीच्या वेशीपाशी उसाचा रस प्यायलो आणि घरी आलो. सासूबाई पाटावर तिळाच्या वड्या थापत होत्या.

“काय रे, कुठवर गेला होतात?”

“एक लिटर,” भाऊ म्हणाला.

त्यांना काही कळलं नाही. त्यांनी फक्त आमच्या बुटांकडे पाहिलं आणि ते दोन्ही जोड जिन्यात ठेवायला सांगितले.